गुरूवरचा डाग आणि कोटाचे बटण

सुरुवात कात्रीने झाली. सहावीतल्या मुलीने विज्ञानाच्या मासिकातले एक चित्र कापले, आणि चित्र गोल आहे म्हणून ते गोलच कापले. चित्रात गुरू ग्रह होता. चहात दूध घालून ते नीट ढवळले नाही की दिसतात तसे त्याच्या अंगावर पिवळट-तांबूस पट्टे होते, आणि उजव्या बाजूला, पोटाच्या जरा वर, एक काळाकुट्ट वाटोळा ठिपका होता. चित्राची माहिती त्याच्या खाली छापलेली होती. कात्री फिरली तेव्हा त्या माहितीतले ‘च्या एका चंद्राची सावली’ एवढे शब्द कडेला चिकटून राहिले. बाकीचा मजकूर केरात गेला आणि उरलेले मासिक त्याच दुपारी रद्दीवाल्याच्या पोत्यात गेले.

“बाबा, पुढच्या शुक्रवारी तुम्ही आमच्या वर्गात यायचं आणि हे समजावून सांगायचं,” मुलगी म्हणाली. “मी बाईंना तुमचं नाव दिलंय.”

मुलीचे बाबा मोजणी कार्यालयात विमानातून काढलेली छायाचित्रे वाचण्याचे काम करीत. आकाशातून पाहिले की घर आणि अंगण सारखेच सपाट दिसते. कोणती वस्तू किती उंच आहे ते तिच्या सावलीवरून काढावे लागते. सव्वीस वर्षांत त्यांनी या पद्धतीने मनोरे, धुराडी, झाडे आणि एका चित्रपटगृहाची पाण्याची टाकी मोजली होती. ती टाकी मंजूर नकाशापेक्षा दोन मीटर उंच निघाली, मालकाला ती उतरवावी लागली, आणि तेव्हापासून ते राहत त्या इमारतीत सगळे त्यांना ‘सावलीसाहेब’ म्हणू लागले. हे नाव थट्टेने पडले होते. सावलीसाहेबांनी ते पदवीसारखे स्वीकारले होते.

मुलीने मात्र ते नाव मनावर घेतले होते. ‘माझे वडील’ या निबंधात तिने पहिलेच वाक्य लिहिले, ‘माझे बाबा सावल्या वाचतात.’ निबंध वर्गात मोठ्याने वाचला गेला आणि वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, “मग ते रात्री काय वाचतात?” त्यावर सगळा वर्ग पुन्हा हसला. मुलीने घरी येऊन निबंधाची वही दप्तराच्या तळाशी कोंबली. वर्गात दर शुक्रवारी एका पालकाने पाच मिनिटांत आपल्या कामाची रीत दाखवायची असा बाईंचा उपक्रम होता. त्यांची अट एकच होती. कुठून माहिती उतरवून आणायची नाही, आपल्या कामात आपण जसा विचार करतो तसा तो मुलांसमोर करून दाखवायचा. मुलीने हे चित्र त्यासाठीच निवडले होते. सावली आकाशातली होती आणि ती वाचणारा माणूस घरचाच होता.

सावलीसाहेबांनी हे सगळे ऐकले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “पाच मिनिटं कशाला? दोन पुरेत.”

त्या रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांचा उत्साह टिकला.

अडचण साधी होती. सावली दिसत होती, पण चंद्र दिसत नव्हता. सावलीसाहेबांनी भिंग लावले, मग दुसरे भिंग पहिल्यावर लावले, मग कागद उलटा धरला. त्यांच्या खात्यात सावल्या नेहमी आपल्याकडे पडतील असाच फोटो धरायचा नियम आहे, नाहीतर टेकडी खड्ड्यासारखी दिसते. गुरू उलटा धरल्यावर उलटा गुरू दिसला, याहून काही निष्पन्न झाले नाही.

“सावलीला चिकटून वस्तू असलीच पाहिजे,” त्यांनी बायकोला सांगितले. “सावली वस्तूचे पाय सोडत नाही. सव्वीस वर्षांत एकदाही सोडलेले नाहीत.”

बायको एका दवाखान्यात औषधे देण्याचे काम करीत असे. डॉक्टरांची अक्षरे रोज वाचत असल्यामुळे जगात न वाचता येण्यासारखे काही असते यावर तिचा विश्वास नव्हता.

“चंद्राला पाय असतात का?” तिने विचारले.

“अगं, ती बोलायची रीत आहे.”

“मी आपलं विचारलं. आणि तो कोट द्या इकडे, बटण लोंबतंय. शुक्रवारी वर्गात पडलं तर शोभा होईल.”

“नंतर,” सावलीसाहेब म्हणाले. ते बटण त्याच क्षणी तुटून त्यांच्या हातात आले. त्यांनी ते कुणाला दिसणार नाही अशा बेताने खिशात टाकले. हे बटण मोठे, काळे आणि जुन्या वळणाचे होते. विचारात पडले की खिशात हात घालून ते फिरवत बसण्याची सवय त्यांना पुढच्या आठवड्यात लागली, आणि त्या आठवड्यात विचारात पडण्याचे प्रसंग पुष्कळ आले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांना तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर भेटले. डॉक्टरांना कोणत्याही विषयावर मत विचारावे लागत नसे. त्यांनी कात्रण उजेडात धरले, मान तिरकी केली आणि दोन सेकंदांत निदान केले.

“कीड आहे.”

“डॉक्टर, हा ग्रह आहे.”

“असेना. वरून एवढीशी दिसते, आत सगळं पोकळ असतं. माझं ऐका, सावलीसाहेब, असं भिंगाने काही दिसायचं नाही. संध्याकाळी दवाखान्यात या. आपण याला पेटीवर लावू.”

पेटी म्हणजे दातांचे एक्स-रे पाहण्याची, मागून दिवा असलेली पांढरी काच. संध्याकाळी सावलीसाहेब मुलीला घेऊन गेले. बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेले दोन रुग्ण आपला नंबर विसरून आत आले. डॉक्टरांनी दिवा लावला, आणि काय आश्चर्य! ठिपक्याच्या अगदी शेजारी, सावलीसाहेबांनी सांगितले होते तिथेच, एक स्वच्छ वाटोळा गोळा उगवला.

“बाबा! चंद्र!”

“म्हटलं नव्हतं?” सावलीसाहेबांनी मुलीच्या पाठीवर थाप मारली. “पाय सोडत नाही म्हणजे नाही!”

डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. गाल धरलेल्या रुग्णांपैकी एकाने एका हाताने टाळीसारखे काहीतरी केले. सगळे वर जाऊन बायकोला बोलावून घेऊन आले. तिने चंद्र पाहिला. चंद्रापासून निघून गुरूच्या कडेपर्यंत गेलेला एक जाड दांडाही पाहिला. आनंदाच्या भरात तो कुणी लक्षात घेतला नव्हता. मग तिने कात्रण पेटीवरून काढून उलटे केले.

कागदाच्या मागच्या बाजूला प्रेशर कुकरची जाहिरात होती. चंद्र म्हणजे झाकणावरची शिट्टी होती.

डॉक्टर पेटीचा दिवा बंद करून हळूच म्हणाले, “चला, पुढचा कोण?”

जिना चढताना मुलगी बापाच्या बाजूने बोलली. “पण बाबा, शिट्टी सापडली ना तुम्हाला. इतरांना तीही दिसली नसती.” या दिलाशाने सावलीसाहेबांना झोप लागली नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण ती उशिरा लागली.

आता उपाय एकच होता. चित्र मोठे करायला हवे होते. कार्यालयात नकाशे छापण्याचे भलेमोठे यंत्र होते आणि कर्मचाऱ्यांना शैक्षणिक कामासाठी ते वापरता येत असे. फक्त अर्ज करावा लागे. अर्ज हेडक्लार्कांकडे होता. हेडक्लार्क सज्जन गृहस्थ होते. त्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटले नव्हते, ते फक्त रकाने भरायला सांगत.

“जागेचं नाव?”

“गुरू.”

“चतुःसीमा. पूर्वेला काय आहे?”

“अवकाश.”

“पश्चिमेला?”

“अवकाशच.”

“चारी बाजूंना एकच शेजारी?” हेडक्लार्कांनी कौतुकाने मान हलवली. “भाग्यवान जागा आहे. भांडण नसणार. जमिनीपासून बांधकामाची उंची?”

“बांधकाम नाही, चंद्र आहे. आणि त्याची उंचीच तर काढायची आहे.”

“‘प्रस्तावित’ लिहितो. मालकाचं नाव आणि सही?”

“मालक नाही हो कुणी.”

“म्हणजे बेवारस.” हेडक्लार्कांनी लेखणी खाली ठेवली. “बेवारस असेल तर नमुना वेगळा. तो वरच्या कार्यालयातून येतो. तुम्ही हा भरून ठेवा, मी वर पाठवतो. तीन आठवडे धरा.”

“शुक्रवारी लागणार आहे मला!”

“मग ‘तातडीचे’ असा शिक्का मारू. त्याने वेळ तेवढाच लागतो, पण आपल्याला बरं वाटतं.”

शिक्का मारून अर्ज वर गेला, आणि सावलीसाहेब बाजाराच्या कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत गेले. फोटोवाल्यांची मुलगी सहावीच्याच वर्गात होती, त्यामुळे काम घरचेच म्हणून त्यांनी ते अंगावर घेतले. कात्रण यंत्राखाली ठेवून त्यांनी डोळे बारीक केले.

“तीन फूट करू. रंग फार मरगळलेत, ते जरा उठवतो. आणि तुम्ही काळजीच करू नका, एकदम साफ करून देतो.”

‘साफ’ या शब्दापाशी सावलीसाहेबांनी थांबायला हवे होते. पण ते त्या वेळी खिशातले बटण फिरवत शुक्रवारचे पहिले वाक्य जुळवत होते. गुरुवारी संध्याकाळी त्यांना एक लांब गुंडाळी मिळाली, आणि सोबत सूचनाही मिळाली. “शाई ओली आहे. सकाळपर्यंत उघडू नका, डाग पडेल.” सावलीसाहेबांनी ती गुंडाळी घरी नेऊन कपाटावर आडवी ठेवली, आणि घरातल्या कुणालाही त्या खोलीत जोरात श्वास घेऊ दिला नाही.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता ते वर्गात उभे राहिले. मुलांच्या डावीकडे तीन उंच खिडक्या होत्या आणि मधल्या खिडकीतून ऊन सरळ फळ्यावर पडत होते. चाळीस मुले होती. बाई मागे उभ्या होत्या. शेवटच्या बाकावर, गुडघे बाकात न मावल्यामुळे तिरके बसलेले फोटोवाले होते. आपले काम भिंतीवर लागलेले पाहायला ते मुद्दाम दुकान बंद करून आले होते. मुलगी दुसऱ्या रांगेत होती. मूळ कात्रण तिने वहीत जपून ठेवले होते आणि वही छातीशी धरली होती.

“मुलांनो,” सावलीसाहेब म्हणाले, “तुम्हाला आता गुरूवर एक काळा ठिपका दिसेल.”

दोन मुलांनी गुंडाळी उलगडून फळ्यावर टाचली. गुरू तीन फूट उंच आणि तेजस्वी होता. त्याच्या पट्ट्यांतली एकेक वळी मोजता आली असती. वर्गाने ‘अहा’ म्हटले.

ठिपका नव्हता.

सावलीसाहेबांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. जिथे ठिपका असायला हवा होता तिथे गुळगुळीत, निरोगी, पिवळट पट्टा होता.

“सर, कुठाय ठिपका?” मागच्या बाकावरून आवाज आला. निबंधाच्या वेळचाच तो आवाज होता.

“अहो, तो डाग ना?” फोटोवाले तिरके उभे राहिले. त्यांचा चेहरा अभिमानाने उजळला होता. “तो मी काढला! छपाईतला डाग होता. मागचा रंग पुढे ओढून असा भरलाय की आईलासुद्धा ओळखू यायचा नाही. बारा मिनिटं लागली!”

या गृहस्थांचा हात फार साफ होता हे खरेच. एका कुटुंबाच्या फोटोतून त्यांनी एकदा जांभई देणारे काका परस्पर काढून टाकले होते, आणि ते काकांखेरीज कुणाच्या लक्षातही आले नव्हते.

वर्ग हसू लागला. हे हसू दुष्ट नव्हते, पण चाळीस मुलांचे होते. सावलीसाहेबांनी दुसऱ्या रांगेकडे पाहिले. मुलगी हसत नव्हती. तिने वही आणखी घट्ट धरली होती आणि ती बापाकडे पाहत होती. पडायला आलेली वस्तू पडणार नाही असे मनाशी म्हणत तिच्याकडे पाहावे, तसे ते पाहणे होते.

काहीतरी बोलायला हवे होते म्हणून सावलीसाहेब चित्राकडे वळले. नजर डावीकडून उजवीकडे नेण्याची खात्याची सवय त्यांच्या कामी आली. डाव्या बाजूला, पुसलेल्या ठिपक्यापासून चांगली वीतभर दूर, एक नारिंगी गोळा होता. मूळ चित्रात तो त्याच रंगाच्या पट्ट्यावर बसून त्यात विरघळून गेला होता. फोटोवाल्यांनी रंग उठवले तसा तोही उठला होता. इतका नीटस होता की तो डाग नाही हे कुणीही सांगितले असते, आणि म्हणूनच तो वाचला होता.

हा चंद्र. सावलीपासून इतका लांब?

सावलीसाहेबांचा हात खिशात गेला आणि बटण फिरू लागले. मग, आपण काय करतो आहोत हे कळण्याआधीच, बटण हातात घेऊन त्यांनी ते चित्राला टेकवले. ऊन खिडकीतून तिरके येत होते. बटणाची सावली बटणाला चिकटली होती. त्यांनी बटण कागदापासून हळूहळू आपल्याकडे ओढले. सावली सुटली. ती उजवीकडे सरकू लागली. बटण एका जागी होते आणि सावली दुसऱ्या जागी होती, आणि दोघांच्या मध्ये नुसते ऊन होते.

“पाय नाहीत,” सावलीसाहेब पुटपुटले. मग एकदम मोठ्याने म्हणाले, “मुलांनो, याला पाय नाहीत!”

बाई दचकल्या.

“ऐका. मी सव्वीस वर्षं फोटो वाचतो. घर, झाड, टाकी, सगळ्यांचे पाय जमिनीवर असतात, म्हणून त्यांची सावली त्यांच्या पायापासून सुरू होते. गेला आठवडाभर मी चंद्र सावलीच्या शेजारीच शोधत होतो. प्रेशर कुकरच्या शिट्टीलासुद्धा मी चंद्र म्हणालो. माझं चुकलं. चंद्र जमिनीवर उभा नाही, तरंगतो आहे. वर उडणाऱ्या पक्ष्याची सावली कुठं पडते?”

“लांब!” चारपाच आवाज आले.

“तो इथे आहे,” त्यांनी नारिंगी गोळ्यावर बोट ठेवले, “आणि सूर्य तुमच्या खिडकीच्या बाजूला आहे. मग सावली कुठं पडायला हवी?”

मुलगी उभी राहिली होती. तिने वही उघडून कात्रण काढले आणि डोळ्यांसमोर धरले.

“बाबा, उजवीकडे. अजून थोडी. आता वर. नाही, फार झालं, खाली घ्या!”

सावलीसाहेबांनी बटण नारिंगी गोळ्याच्या बरोबर समोर, हातभर अंतरावर धरले आणि मुलगी सांगेल तसे ते मागेपुढे केले. त्याची वाटोळी काळी सावली पट्ट्यांवरून सरकत गेली आणि पुसलेल्या जागी जाऊन बसली.

“तिथेच! बाबा, तिथेच! हलू नका!”

मग मागच्या बाकावरचा तोच मुलगा म्हणाला, “सर, पण सावली हलतेय.”

“हलणारच,” सावलीसाहेब म्हणाले. त्यांचा खांदा भरून आला होता. “चंद्र फिरतो.”

या वेळीही वर्ग हसला, पण हे हसणे निराळे होते. मुले बाक सोडून पुढे आली. प्रत्येकाला बटण धरायचे होते. त्या ठिपक्यात उभे राहिले तर काय दिसेल, असे एकीने विचारले. “सूर्य झाकलेला दिसेल, ग्रहण,” असे दुसरीनेच उत्तर दिले, आणि सावलीसाहेबांना नुसते मान हलवण्याचे काम उरले. फोटोवाले गर्दीतून पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग आता उतरला होता.

“साहेब, माफ करा. द्या परत, डाग लावून देतो. पाच मिनिटांचं काम आहे.”

“मुळीच नको!” बाई आणि मुलगी एकदम म्हणाल्या.

पाच मिनिटांऐवजी पाऊण तास झाला. निघताना बटण मागायचे सावलीसाहेबांच्या जिवावर आले. चित्र फळ्याशेजारी कायमचे लागले आणि बटण त्याखाली दोऱ्याने टांगले गेले. दर सकाळी ऊन आले की एकाने गुरूला सावली द्यायची, असा वर्गात नियम झाला. पाळी पहिली कुणाची यावर मात्र वाद झाला नाही.

मुलीने निबंधाच्या वहीत त्या पहिल्या वाक्यापुढे एक वाक्य जोडले, ‘चुकले तर तसे सांगतात.’ सावलीसाहेबांनी ते चोरून वाचले. त्यानंतर दोन दिवस ते दातांच्या डॉक्टरांशीसुद्धा फार प्रेमाने बोलत होते.

कोट तसाच उघडा राहिला. “बटण कुठं आहे?” असे बायकोने तीनदा विचारले, आणि “चंद्राच्या जागी” असे उत्तर तिला तीनदा मिळाले.

तीन आठवड्यांनी, ठरल्या दिवशी, हेडक्लार्क स्वतः सावलीसाहेबांच्या टेबलापाशी आले. त्यांच्या हातात वरच्या कार्यालयाचे पाकीट होते आणि चेहऱ्यावर काम तडीस नेल्याचे समाधान होते. सावलीसाहेबांनी ते पत्र घरी आणून सगळ्यांसमोर वाचले. मौजे गुरू येथील बेवारस जागेबाबतचा अर्ज तत्त्वतः मंजूर झाला होता. चतुःसीमांबद्दल कुणाची हरकत आलेली नव्हती. फक्त अंतिम परवानगीपूर्वी स्थळपाहणी आवश्यक असल्याने अर्जदाराने मूळ कागदपत्रांसह येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता प्रत्यक्ष जागेवर हजर राहावे, असे लिहिले होते.

मुलगी हसून हसून जमिनीवर बसली. बायकोने शांतपणे डब्यातले दुसरे बटण काढले आणि सुईत दोरा ओवला.

“आणा तो कोट,” ती म्हणाली. “एवढ्या लांब जायचं, ते काय असं उघड्या कोटाने?”